पंधरा होले आणि एक तित्तर

उत्तर टेक्सासात 1 सप्टेंबरला महत्त्वाची मीटिंग ठेवायची नसते. निम्मी टीम रजेवर असते आणि उरलेली निम्मी त्यांचे फोटो बघत बसते. त्या दिवशी डव्हच्या शिकारीचा हंगाम उघडतो. डव्ह म्हणजे आपला होला, कोकणातला कवडा. इकडच्या मुख्य जातीचं नाव ‘मॉर्निंग डव्ह’, पण त्याचा सकाळशी संबंध नाही. त्याचं घुमणं कुणाच्या तरी जाण्याचं दुःख केल्यासारखं वाटतं, म्हणून शोक करणारा तो हा डव्ह. वजन जेमतेम 120 ग्रॅम. एवढ्याशा जिवासाठी माणसं पहाटे चारला उठतात, दीड-दोन तास गाडी हाकतात आणि कापणी झालेल्या शेताच्या कडेला बादली उपडी टाकून बसतात. सोबत पोरं, कुत्री, बर्फाचा डबा. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीची लगबग असते ना घरात, तसं काहीसं वातावरण.

हे आमच्या मराठी मंडळात सांगितलं की ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. हंगाम नेमका श्रावणात नाहीतर गणपतीच्या तोंडावर येतो, त्यामुळे काकू मंडळी आधी कानावर हात ठेवतात. मग कुणीतरी म्हणतं, “अरे, एवढ्याशा पाखरावर मांस ते किती असणार!” आणि एखादे काका हमखास, “शी, होला काय खातात? पाप लागेल.” हेच काका शनिवारी कॉस्टकोतून ब्रॉयलरच्या तंगड्यांचा अख्खा ट्रे उचलतात. सहा-सात आठवडे शेडमध्ये काढून कापली गेलेली कोंबडी आणि शेवटच्या क्षणापर्यंत मोकळ्या आभाळात असलेला होला, यात कुणाच्या वाट्याला काय आलं हा वाद घालता येईल. पण तो वाद जुना आहे आणि मला त्यात फारसा रस नाही. जे शाकाहारी आहेत त्यांच्यापुढे माझी हार मी आधीच मान्य करतो. मला बोलायचंय ते आपल्यातल्या खाणाऱ्यांशी, आणि तेही डिसेंबरच्या सुट्टीबद्दल. तिथे यायला थोडा वेळ लागेल. आधी चुलीपाशी जाऊ.

मी स्वतः इकडे शिकारीचं शिक्षण घेऊन परवाना काढला आहे. टेक्सासात 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला तो कोर्स करावाच लागतो. माझा नेम मात्र भिकार आहे. काडतुसांची अख्खी पेटी, म्हणजे पंचवीस बार उडवून तीन होले, हा माझा सरासरी हिशेब. त्यामुळे आमच्या टोळीत माझी खरी किंमत सोलणारा आणि रांधणारा म्हणूनच आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

होल्याची पिसं फार सैल. नुसता हात फिरवला तरी मूठभर निघतात. कातडं मात्र पातळ, जोर केला की फाटतं. गळ्याखाली दाण्यांची पिशवी असते. पहिल्यांदा ती उघडली तेव्हा मी बघतच राहिलो, कारण आत होती ज्वारी. टेक्सासात ज्वारीची शेतं मैलोन्‌मैल आहेत. इकडे तिला मायलो म्हणतात आणि ती जास्त करून जनावरांच्या खाद्याला जाते. टपोरे, तांबूस, न भिजलेले दाणे. सोलापूरकडच्या माणसाला आणखी काय पाहिजे? त्या दिवसापासून आमच्याकडे होल्याबरोबर भाकरीच होते.

इकडची ठरलेली पद्धत अशी, की छातीचे दोन तुकडे तेवढे काढायचे, त्यात हालापिन्यो मिरची आणि क्रीम चीज भरायचं, वरून बेकन गुंडाळायचं आणि जाळीवर भाजायचं. लागतं छानच. पण लागतं ते बेकन. होला त्यात असला काय नि नसला काय. शिवाय तंगड्या, मान, पाठीचं हाड सगळं कचऱ्यात जातं, ते मला बघवत नाही. आमच्या टोळीतले एक आजोबा, सत्तरी उलटलेले, मात्र पाखरू अख्खं सोलतात. त्यांच्या आईने मंदीच्या काळात जे केलं ते ते अजून करतात: पिठात घोळवून लोखंडी कढईत परतायचं, मग त्याच कढईत पीठ-दूध घालून दाट रस्सा. त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. रानातल्या पाखराच्या अंगावर चरबी नसते. दिवसभर उडणाऱ्या छातीचं मांस गडद लाल, जवळजवळ बकऱ्याच्या काळजासारखं. ते मटणासारखं तासभर शिजवलं की वातड होतं आणि चवही कडवट काळजासारखी लागते. म्हणून छाती वेगळी, बाकीचं वेगळं.

मी सोललेली पाखरं मिठाच्या पाण्यात दोनेक तास ठेवतो, रक्त उतरतं. मग बोटाने चाचपून छर्रे काढायचे. जिथे छर्रा शिरला असतो तिथे तो सोबत पिसाचा पुंजका आत ओढून नेतो, त्या पुंजक्याचा माग काढला की छर्रा सापडतो. नाही सापडला तर दाताला सापडतो. तंगड्या, माना, पाठी आणि पाथरी यांचा कांदा-खोबरं भाजून, काळं तिखट घालून पातळ रस्सा. तो निवांत उकळू द्यायचा. छातीला नुसतं आलं-लसूण, हळद, मीठ, आणि जेवायला बसल्यावर कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. आत गुलाबी राहिली पाहिजे. माणशी तीन पाखरं धरली तरी कुणी तट्ट फुगून उठत नाही. हे पोट भरायचं अन्न नव्हेच. हळूहळू, हाडं चोखत, गप्पा मारत खायचं.

आता हिशेबाकडे. परवान्याचे 25 डॉलर, स्थलांतरित पक्ष्यांचा वेगळा शिक्का 7 डॉलर. दिवसाला माणशी जास्तीत जास्त 15 पाखरं. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्त एवढीच वेळ. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत, म्हणून नळकांड्यात लाकडी दांडी ठोकलेली असते. मुद्दाम दाणे टाकून पाखरं बोलवायची नाहीत. शेतात नेहमीच्या कापणीत सांडलेले दाणे चालतात. मारलेलं खाण्याजोगं पाखरू फेकून देणं हासुद्धा गुन्हा. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही सगळी ‘रेट लिमिट’ची भानगड आहे. आणि या सगळ्यांच्या वर एक नियम आहे, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: रानातलं पाखरू विकता येत नाही. मित्राला देता येतं, जेवायला बोलावून वाढता येतं, पण कुठल्याही हॉटेलात मेनू कार्डावर रानातला डव्ह सापडणार नाही.

हा नियम कुणाच्या दयाबुद्धीतून आला नाही. अमेरिकेने एक पक्षी खाऊन संपवला, त्यानंतर आला. पॅसेंजर पिजन हा पारवा एकेकाळी इथे अब्जांच्या संख्येने होता. थवा डोक्यावरून जायला लागला की आभाळ झाकोळून जायचं. रेल्वे आली, तार आली. कुठे थवा उतरला याची खबर तारेने जायची, शिकारी रेल्वेने पोचायचे आणि पाखरं पिंपांत भरून शहरांच्या बाजारात यायची. गरिबाचं स्वस्त मांस म्हणून. शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली ती तारीख 1 सप्टेंबर 1914. हो, तीच तारीख. 1900 साली लेसी कायदा आला होता, पण मार्थासाठी उशीरच झाला. मग 1916 मध्ये कॅनडातल्या पक्ष्यांसाठी ब्रिटनशी करार झाला आणि 1918 मध्ये त्यावर कायदा. त्या कराराने 10 मार्च ते 1 सप्टेंबर हा काळ शिकारीला बंद ठरवला. म्हणून आजही हंगाम 1 सप्टेंबरला उघडतो. बादल्यांवर बसलेल्यांपैकी किती जणांना मार्था माहीत असेल कोण जाणे. मला दरवर्षी आठवते.

पुढे 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. त्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर, लांब नळीच्या बंदुकीवर 11 टक्के, राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. त्यातून पगार, पाहणी, गवताळ जमिनी. म्हणजे माझे वाया गेलेले बावीस बारसुद्धा कुठेतरी कामी येतात.

म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. बदकांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्र्यांवर 1991 पासून देशभर बंदी आहे, पण होल्यांसाठी बहुतेक ठिकाणी शिसं अजून चालतं. ते जमिनीत पडतं, पाखरं खडे समजून गिळतात, आणि थोडंफार आपल्या ताटातही येतं. मी पोलादी छर्रे वापरतो, दुसऱ्यांची पाखरं आली तर जखमेभोवतीचं मांस कापून टाकतो आणि लहान मुलांना वाढत नाही. टेक्सासची लाडकी बॉबव्हाइट लाव्ही तर कमी कमी होत चालली आहे. तिचं गवत, झुडपं, बांध गेले. तिला बंदुकीपेक्षा बुलडोझरने जास्त मारलं. मोजणी असूनही हे झालं. पण मोजणी आहे म्हणून निदान कळलं तरी.

आता डिसेंबर. आपल्यापैकी बरेच जण तीन आठवड्यांची सुट्टी काढून गावी जातात. लग्नं, हुरडा, देवदर्शन. आणि त्यात एक संध्याकाळ ठेवलेली असते. व्हॉट्सअॅपवर आधीच निरोप येतो, “दादा, या वेळी तुझ्यासाठी खास बंदोबस्त केलाय. तित्तर.” कधी तित्तर, कधी लावा, कधी ससा. कुणाच्या तरी शेतावर, विहिरीपाशी, चूल मांडून. पाहुणा परदेशातून आलाय, त्याला ब्रॉयलर कसं घालणार? प्रेमच असतं त्यात, मी नाकारत नाही. मला स्वतःला हे आमंत्रण तीनदा आलं आहे. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं, आणि तिन्ही वेळा मावसभावाचं तोंड उतरलं. “तिकडं पंधरा-पंधरा होले खातोस, फोटो टाकतोस, आणि इथं एका तित्तराला नाक मुरडतोस?” त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला तेव्हा विहिरीवर नीट उत्तर देता आलं नाही, कारण सगळे भुकेले होते. ते इथे देतो.

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. सुरुवातीला त्यात लहान शिकारीचे परवाने मिळत. 1991 च्या दुरुस्तीने ते बंद झाले. आज तित्तर, लावा, होला, कुणालाही मारायला परवानगी नाही, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि विकत घेणाराही कायद्याने तितकाच अडकतो. हे कागदावर. विहिरीवर काय होतं? ते तित्तर कुणीतरी पैसे देऊन आणलेलं असतं. किती आणली, कुठून आणली, विणीचा काळ होता का, मागच्या वर्षी त्या माळावर किती होती, याची नोंद कुठेच नाही. म्हणजे मार्थाच्या काळातला बाजार, फक्त पिंपांऐवजी काळ्या पिशवीतून. टेक्सासातल्या पंधरांना वरची हद्द आहे. त्या एका तित्तराला नाही. भावाला मी म्हणतो ते एवढंच: तुझं तित्तर एक आहे, पण त्याची बेरीज कुणी करत नाही.

आणि ते आणून कोण देतं? आमच्या भागात बहुतेक वेळा फासेपारधी. लहानपणी आठवडी बाजारात टोपलीत पाय बांधलेली तित्तरं घेऊन बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. फासे लावण्याची त्यांची विद्या थक्क करणारी आहे. पाळलेला नर पिंजऱ्यात ठेवायचा, तो ओरडला की माळावरचा नर भांडायला धावून येतो आणि काटक्यांना बांधलेल्या बारीक फाशात पाय अडकतो. त्यात बार नाही, शिसं नाही, जखमी होऊन उडून गेलेलं पाखरू नाही. पिलावळ दिसली तर सोडून देणारे पारधीही त्यात होते. या माणसांना इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का पुसला गेला, निदान कायद्यातून. मग वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि त्यांचा पिढीजात धंदा पुन्हा गुन्हा झाला. जमीन मिळाली नाही, शाळा नीट मिळाली नाही, आणि गावात चोरी झाली की पोलिस पहिल्यांदा पालावरच जातात.

आता हिशेब मांडा. डॉलरमध्ये पगार घेणारा पाहुणा विहिरीवर बसून तित्तर खातो आणि चार दिवसांनी विमानात बसतो. मावसभाऊ गावातला वजनदार माणूस, त्याला कोण विचारणार? वनरक्षकाने पिशवी पकडलीच तर ती पारध्याच्या हातात असते. मागणी आपली आणि कोठडी त्याची. मला तित्तर नकोसं वाटतं ते या कारणाने. पाखराची दया येते म्हणून नाही, ती तर मला होल्याचीही येते.

“मग आपल्याकडेही परवाने सुरू करा की,” असं इकडचे काही मराठी शिकारी मित्र मला सांगतात. माझं मत, आज नाही. टेक्सासातली बहुतेक जमीन खासगी आहे, मालक शिकाऱ्यांकडून दिवसाचे पैसे घेतो, म्हणून त्याला गवत राखण्यात फायदा दिसतो. आपल्याकडे माळरान म्हणजे सरकारी कागदावर ‘पडीक’. त्यावर उद्या एमआयडीसी येईल, सोलर येईल, नाहीतर वृक्षारोपणाच्या नावाखाली गवत उपटून झाडं लावली जातील. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, आणि आता तिथे एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. जिथे एवढा मोठा, मीटरभर उंचीचा पक्षी आपल्याला राखता आला नाही, तिथे मुठीएवढ्या लाव्ह्यांचा कोटा कोण ठरवणार आणि कोण पाळणार? परवाना निघाला तर तो पारध्याला मिळेल का, की फार्महाउसवाल्याला? मला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही आहे.

परवान्यांआधी मोजणी हवी, आणि ती करायला पारध्यांपेक्षा लायक माणूस मला दिसत नाही. कुठल्या बांधाखाली लाव्हीचं घरटं आहे हे ज्याला आवाजावरून कळतं, त्याला त्याच कामाचा पगार द्या. विदर्भात काही ठिकाणी फासेपारध्यांना बरोबर घेऊन माळ राखण्याचं काम झालेलं आहे, म्हणजे ही नुसती परदेशात बसून केलेली कल्पना नव्हे. आपल्या मंडळांकडे दरवर्षी गणपतीनंतर शिल्लक राहते, ती कुठे द्यायची यावर दोन-दोन तास वाद होतात. एखाद्या वर्षी पारध्यांच्या पालावरच्या शाळेचा विचार व्हायला हरकत नाही.

जाता जाता एक गंमत. टेक्सासात एक होला असा आहे, ज्याला ना हंगाम ना पंधराची हद्द. मानेवर काळी रेघ असलेला, फिकट राखी. कितीही मारा, कारण तो मूळचा इथला नाही. मूळ आपल्याकडचाच, भारत आणि आसपासचा. विसाव्या शतकात तो युरोपभर पसरला, 1970 च्या दशकात बहामाजमध्ये काही सुटले, तिथून फ्लोरिडा आणि आता अमेरिकाभर. आमच्या अपार्टमेंटच्या तारेवर रोज सकाळी घुमतो, आईला फोनवर ऐकू गेलं तर ती म्हणते, “अगं बाई, तिकडं पण होला?” टोळीतले लोक मला चिडवतात, की तुझा गाववाला म्हणून तू त्याच्यावर बार टाकत नाहीस. टाकतो, पण नेम चुकतो.

डिसेंबरचं तिकीट काढून झालं आहे. मावसभावाला या वेळी आधीच फोन करून टाकला: विहिरीवरची पार्टी माझ्याकडून, बोकडाची. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, “बरं. मग लावा तरी?” त्याला म्हटलं, पाळलेली जपानी लाव्ही मिळते हॉटेलवाल्यांकडे, बटेर म्हणून. कायदेशीर आहे, पोल्ट्रीतलीच. आणायची तर ती आण. पण छाती वेगळी काढायची, तवा आधी कडक तापवायचा, आणि तव्यापाशी मी असणार.